उकड्या तांदळांचं ओझं

हिमालयातली आठ दिवसांची ती वाट मी मनातल्या मनात कितीतरी वर्षं चालत होते. निवृत्तीनंतर जायचंच, असं आम्हा नवराबायकोचं ठरलेलं. मग ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. दोन वर्षांनी पुन्हा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या मनाने सांगितलं, आपण सह्याद्रीतली तीन दिवसांची सोपी वाट घेऊ. मोठ्या मनाने म्हणजे, दिवसातून दोनदा उसासा टाकून.

"डॉक्टर वच म्हणटा," हे म्हणाले. डॉक्टरांनी हिमालयात खुशाल जा म्हणून सांगितलं होतं.

"डॉक्टराक कितें जाता सांगपाक!"

शेवटी कुठली वाट झेपेल याची आधी इथेच, घराच्या आसपास, परीक्षा घ्यायची ठरली. सलग तीन दिवस, पाठीवर ओझं घेऊन चालायचं. पहिल्या दिवशी हौसेवर कोणीही चालतं, तिसऱ्या दिवशी पाय खरं बोलतात. ओझं म्हणून मी दोन पिशव्यांत उकडे तांदूळ सारखे मापून भरले. परीक्षा अर्थात ह्यांची होती. मी नुसती सोबतीला.

पहिल्या दिवशी आमच्या तुये गावाहून चोपड्याच्या नदीकाठापर्यंत गेलो आणि आलो. हे सारखे मागे. मी वळून वळून ह्यांचा घाम बघायची आणि "बसूया?" म्हणून विचारायची. आधी बसायची मात्र मीच.

दुसऱ्या दिवशी बसने इब्रामपूरला जाऊन तिथले चढउतार पालथे घातले. पिशवी चक्क हलकी वाटली. सवय झाली, मी म्हटलं, आणि शरीराला वळण कसं लावावं यावर ह्यांना चार गोष्टी ऐकवल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच डोंगर. चढ चढले. उतार लागला आणि माझा उजवा गुडघा वाकेना. एकेक काजूचं झाड धरत खाली आले. हे दोन पावलं पुढे, हात देत.

"सवकास गो. वाट खंय पळून वचपाची ना."

मला रडूच आलं, आणि तेही रागाने.

घरी आल्यावर हे आंघोळीला गेले आणि मी तांदूळ परत डब्यात ओतायला घेतले. माझी पिशवी निम्मी. ह्यांची तोंडापर्यंत भरलेली.

"हें केन्ना केलें?" ते बाहेर येताच मी विचारलं.

"पयल्या दिसा सांजेक. तुजीं पावलां ल्हान पडटालीं."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशातली गत. दोन वर्षं हा माणूस डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज पहाटे चालत होता. मी पांघरुणातून "सांभाळून जा" म्हणत होते. ते मागे राहत होते ते दमून नव्हे, माझ्या चालीने चालत होते.

दोन्ही वाटा लिहून ठेवलेला कागद मी काढला आणि तीन दिवसांच्या वाटेपुढे खूण केली. या वेळी उसासा आला नाही.

संध्याकाळी नणंद आली. सोप्यावर बसता बसताच तिने विचारलं, "वयनी, हिमालयाचें कितें जालें?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "म्हज्या काळजाक झेपचें ना गो. म्हणून ल्हान वाट घेतल्या."

नणंदेने माझ्याकडे बघितलं. बिचारी, किती करते नवऱ्यासाठी, असं ते बघणं. मी चहा गाळत होते. खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त बरं वाटलं.