सातवी पासची मूळ प्रत

वापरलेला कार्बन पेपर कधी उन्हाकडे धरून बघा. टाइप केलेल्या साऱ्या अर्जांच्या ओळी एकीवर एक चढून बसलेल्या दिसतात. कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्या माणसाच्या डोक्याचं तसंच होतं. एक किस्सा वाचायला जावं, तर खालचे चार वर येतात! आणि त्यातला कोणताही वर आला तरी माझं डोकं तापतंच.

कचेरी जिंतूरकडची. कोणती ते विचारू नका. तिथं केशवराव हेड क्लार्क होते. कागद हातात आला की वाचायच्या आधीच म्हणायचे, "नमुन्यात न्हाई!" कुणी नातवाच्या बारशाचे पेढे टेबलावर ठेवले, तर तेही म्हणे तीन प्रतींत मागितले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण शपथेवर टाइप करून द्यायला तयार आहे!

*

चारठाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यातून गयाबाई आली. नवऱ्यानं टाकलेली, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी. गावात बालवाडी निघणार होती, सेविकेची जागा होती. अट एकच, सातवी पास. महिनाअखेर शेवटची तारीख.

सातवी तर ती झालेली होती, पण शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. हेडमास्तरांनी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात दाखला लिहून दिला.

केशवरावांनी तो दोन बोटांत धरला. "हस्तलिखित चालत न्हाई. टाइप करून आणा. आन बाई, मीबी त्याच शाळेचा हाय. सातवीला अख्ख्या शाळेत पहिला होतो, पहिला! नियम मला शिकवू नका."

बाईनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता!

त्यांच्या पहिल्या नंबराची ही गोष्ट आम्ही चहाच्या टपरीवर रोज ऐकायचो. ऐकून ऐकून टपरीवाल्यालाही पाठ झाली होती.

*

मी दाखला टाइप केला, वर एक आणि खाली दोन कार्बन. गयाबाईनं गावाला जाऊन हेडमास्तरांची सही-शिक्का तिन्हींवर आणला. मग नवं लुगडं ठेवावं तशी वरची ठसठशीत प्रत ट्रंकेत घडी घालून ठेवली, आणि कचेरीत दिली सगळ्यात खालची, पुसट!

"अक्षरं दिसत न्हाईत," केशवराव म्हणाले.

बाई लिंबाखाली बसली. माझं बॉलपेन मागून घेतलं आणि सकाळपासून चार वाजेपर्यंत एकेक अक्षर गिरवलं. वेलांटीसुद्धा सोडली नाही.

केशवरावांनी कागद उलटापालटा केला. "बाई, हे तर हस्तलिखित झालं!"

मी बाहेरून ओरडलो, "साहेब, वरची प्रत हाय तिच्या घरी!"

"मग वरचीची झेरॉक्स लावा. अस्सल प्रत फाईलीला लावली अन् गहाळ झाली, तर जिम्मेदारी कोणाची?"

*

झेरॉक्सचं यंत्र तेव्हा नुकतंच परभणीत आलेलं. गयाबाई एक दिवसाची मजुरी बुडवून गेली आणि झेरॉक्स घेऊन आली. केशवरावांनी बोट ओलं केलं आणि शिक्क्यावर घासलं.

"शिक्का काळा कामून? शिक्का जांभळा असतो."

"साहेब, यंत्रात समदं काळंच येतंय."

"ते यंत्राला विचारा!"

माझं डोकं असं फिरलं की मी खिशातून जांभळी पेन्सिल काढली. म्हटलं, "गयाबाई, आण इकडं. पाच मिनिटांत असा जांभळा करतो, की मास्तर बी ओळखणार न्हाईत."

तिनं कागद पदराखाली घेतला. "नगं दादा. खरं हाय ते खोटं कामून करायलाव?"

मी पेन्सिल परत खिशात घातली. दिवसभर मला कुणाचा अर्ज धड टाइप करता आला नाही.

*

मग नामांतराचा बंद आला. एस्ट्या जागच्या जागी उभ्या. केशवरावांनी बाईला ज्या दिवशी बोलावलं होतं, तो दिवस नेमका बंदात गेला. दुसऱ्या दिवशी ती आली.

"काल कामून न्हाई आल्या?"

"एस्टी बंद होती, साहेब."

"तसं लेखी आणा. डेपोच्या शिक्क्यानिशी."

"काल डेपोबी बंदच होता की!"

"मग डेपो बंद होता, याचं लेखी आणा."

आत बसलेले चार कारकून खाली मान घालून लिहीत राहिले. एकानंही मान वर केली नाही! मला राग केशवरावांपेक्षा त्या चार मानांचा आला.

*

शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले. केशवराव खुर्चीवर मागं रेलले. "हे बघा बाई, नक्कल नको, झेरॉक्स नको. मास्तरांनी कशावरून लिहून दिलं? ती मूळ प्रत आणा. मग बघू."

मी म्हटलं, संपलं. रजिस्टर वाळवीच्या पोटात. मूळ प्रत आणते कुठून?

दुसऱ्या दिवशी अकराच्या एस्टीच्या टपावरून एक सागवानी फळा उतरला. सहा फूट लांब, गोधडी बांधलेला. कंडक्टरनं त्याचं लगेज तिकीट फाडलेलं. एका बाजूला गयाबाई, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ, असा तो फळा कचेरीत शिरला आणि केशवरावांच्या टेबलाला टेकून उभा राहिला. बाईनं गोधडी सोडली. मी टाइपरायटर उघडा टाकून मागं धावलो.

शाळेच्या व्हरांड्यातला फळा! मास्तरांनी दाखला लिहिला तो यावरूनच. पांढऱ्या रंगात साल, आणि त्यापुढं सातवीला पहिला आलेल्याचं नाव. खालून तिसरी ओळ, कु. गया.

ही बाई शाळेत पहिली आलेली, आणि एवढे दिवस आम्हाला बोललीसुद्धा नव्हती!

केशवराव जागेवरूनच म्हणाले, "फाईलीत बसंना. कागद फुलस्केप पाहिजे."

गयाबाईनं भावाच्या पिशवीतून करवत काढली आणि टेबलावर ठेवली. "फुलस्केप कुठून कुठवर, तेवढं आखून द्या साहेब. कापून देते."

चारही माना वर झाल्या!

केशवरावांनी पट्टी-पेन्सिल घेतली. वाकले. गयाच्या ओळीवर पट्टी ठेवली. तिथून त्यांची नजर वर सरकली. एक ओळ, दोन ओळी... बाराव्या ओळीवर जाऊन थांबली. मी चष्मा पुसून पुढं वाकलो. साल केशवरावांच्याच सातवीचं होतं. पुढचं नाव वाचणार, तर त्यांनी त्या ओळीवर फाईल आडवी धरली.

"वरल्या अंगानं कापू का खालल्या, साहेब?" गयाबाईनं विचारलं.

"कापायचं न्हाई!"

त्यांनी अर्ज ओढला, 'मूळ प्रत पाहिली, खरी आहे' असं स्वतःच्या हातानं लिहिलं, सही केली, जांभळा शिक्का मारला. मग आवाज एकदम खाली आणला.

"फळा आत्ताच्या आत्ता गावाला न्या, बाई. अन् गोधडी नीट बांधा. अक्षरं आतल्या अंगाला घेऊन."