प्रणालीचा पेपर आणि मी दाबून ठेवलेला मेसेज

प्रणाली कोरोनाने गेली, हे अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं मला माहीत आहे. आज तिला जाऊन पाच वर्षं झाली.

लॉकडाऊनमध्ये आमचं एमएस्सीचं शेवटचं वर्ष मोबाईलवरच सुरू होतं. मी क्लासचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी. दिवसभर फोन. कुणाचं नेटवर्क नाही, कुणाचं अख्खं घर पॉझिटिव्ह, कुणी नुसतंच रडतंय.

आधी मी ऐकायचो. मग चिडायला लागलो.

पेपरच्या सकाळी बेसाहून, तिच्या घरून, प्रणालीचा फोन आला.

"मले दम लागून राहिला गा. तीन दिवसांपासून ताप आहे. आजचा पेपर सुटला तं काय होईल?"

"वर्ष जाईल."

"सरले विचारून पाहशील का एकदा?"

"सगळेच आजारी आहेत. तू काहून नाटकं करून राहिली?"

ती म्हणाली, "बरं. बसते पेपरले."

विभागाचा मेसेज मला आदल्या दिवशीच आला होता. आजारी विद्यार्थ्यांचा पेपर महिन्याभराने परत घेणार, ग्रुपवर टाक, म्हणून.

मी टाकला नाही.

अर्धा वर्ग आजारी असल्याचं सांगेल, रिझल्ट लांबेल, मला लागलेली पुण्याची नोकरी हातची जाईल, ही भीती. पेपर झाल्यावर टाकू म्हटलं.

पेपर सुरू असताना स्क्रीनवर ती मला दिसत होती. खोकून खोकून मान खाली जायची.

पेपरवर लक्ष ठेवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "प्रणाली, चेहरा कॅमेऱ्यात ठेवा."

ती मान वर करायची. दोन तास.

चौथ्या दिवशी ती गेली.

त्या पेपरात ती पास झाली. मी पुण्याला जॉईन झालो.

नंतर भेटायला गेलो तर तिच्या आईने विचारलं, "दवाखान्यात चाल म्हटलं तं पेपर आहे म्हने. नसता देल्ला तं चाललं नसतं का गा?"

"नाही काकू. द्यावाच लागला असता."

काकू शेजारणीकडे वळल्या. "पाहा, म्हटलं होतं ना मी. पोरीचा नाइलाज होता."

त्यांना बरं वाटलं. मलाही.

आज सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. काकूंनी समोर ताट वाढलं. "तुह्याशिवाय कोनी येत नाही गा आता," म्हणाल्या.

पोटभर जेवलो. परत आलो.

प्रणालीची ताई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, म्हणून हे इथे लिहितोय.

ताई, काकूंना हे वाचून दाखव. माझ्याने झालं नाही.

प्रणाली, माफी मागत नाही. तुला शेवटचा नमस्कार.