रिकामी चिमूट

कुरुंद्याजवळच्या एका शाळेत मी पाचवीला गणित शिकवत होते. हळद शिजवायचे दिवस होते, वर्गातही तोच वास. मी सहा हळकुंडं फरशीवर मांडली. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा उचलणं, एवढंच दाखवायचं होतं. दोन-दोन उचलली की तीन खेपांत संपतात.

तांड्यावरून येणारी एक मुलगी होती. एरवी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, दर खेपेला शून्य उचललं तर किती खेपा व्हतील?"

"तूच करून बघ," मी सहज म्हणाले.

ती पुढे येऊन मांडी घालून बसली. हळकुंडांवरून रिकामी चिमूट उचलून तिनं बाजूला ठेवली. "एक." परत उचलली. "दोन." पोरं हसली आणि तिच्याबरोबर मोजायला लागली. हळूहळू हसणं विरलं, मोजणं चालूच राहिलं. माझेही ओठ हलत होते, ते मला उशिरा कळलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली. कुणी उठलं नाही.

तेवढ्यात जमिनीतून तो आवाज आला. आमच्या भागात तो अधूनमधून येतो, खोल खाली कुणी जातं ओढावं तसा. छपराचे पत्रे थरथरले. पोरं मैदानात पळाली, त्यांच्यामागे मीही. बाहेर आल्यावर दिसलं, ती आलेली नाही.

आत गेले तर ती तशीच बसलेली. आता तांड्याच्या बोलीत मोजत होती. मला आकडे कळत नव्हते, लय तेवढी ओळखू येत होती.

"ऊठ, बाहेर चल."

"संपलं न्हाई, मॅडम. सहाच्या सहा हायेत अजून."

घाबरून मी हळकुंडं दूर लोटली. तिनं मोकळ्या फरशीवरूनही चिमूट उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. "आता बी उचलता येतंय."

मी तिचा हात धरला. त्या उकाड्यात तो थंडगार होता. दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला, तेव्हा कुठे तिचे ओठ थांबले. मग साध्या आवाजात म्हणाली, "मॅडम, भूक लागली."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, शून्यानं भागायचं नसतं. उत्तर अनंत आहे असंही म्हणायचं नाही, कारण कितीही वेळा उचललं तरी सहाच उरतात. सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनंही.

आता ती हिंगोलीला बारावी विज्ञानला आहे. परवा वसमतच्या बसस्टँडवर भेटली, वाकून पाया पडली. अभ्यासाचं, घरचं बोलून झालं. मग मी भीत भीत विचारलंच, "त्या दिवशी थांबलीस कशी गं?"

"थांबले कुठं, मॅडम," ती हसून म्हणाली. "चालूच हाय. मोठ्यानं म्हणत न्हाई, एवढंच."

तिची गाडी लागली. खिडकीतून ती हात हलवत राहिली. मी तिच्या ओठांकडे बघत होते.