कॉपीचा कबुलीजबाब

"हे तुला कुणी लिहून दिलं?"

सरांनी भर वर्गात विचारलं. मराठीत. कॉलेज बंगळूरचं; इतरांशी ते इंग्रजीत बोलत. पुण्याचे होते. माझ्याशी मराठी निघायची ती फक्त अपमान करायला.

पडद्यावर माझा कोड होता. शेजारी पहिल्या बाकावरच्या मुलाचा. दोन्ही सारखे. विषय होता प्रोग्रामिंग भाषांची रचना. प्रत्येकानं स्वतःची छोटी भाषा घडवायची, चालवून दाखवायची. मी दोन महिने खपले होते. त्या मुलानं लॅबमध्ये "बस एक बार देखना है" म्हणत माझी फाइल मागितली. मी दिली. आता तो मान खाली घालून बसलेला. त्याला सरांनी काहीच विचारलं नाही.

"मीच लिहिलंय, सर."

"तुमच्या लोकांना सीट मिळते. पुढचं झेपत नाही."

वर्गात बाकी कुणाला मराठी येत नव्हती. तरी काही जण हसले.

नंतर केबिनमध्ये सरांनी एक कागद पुढे सरकवला. कॉपी केल्याची कबुली. "सही कर, पास करतो. नाहीतर समितीपुढे जाशील. वर्ष जाईल." सोमवारपर्यंत मुदत. सोबत दोन्ही कोडचे प्रिंट.

हेब्बाळच्या हॉस्टेलवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. निपाणीहून आईचा फोन. ती तंबाखूच्या वखारीत राबते.

"जेवलीस काय गं?"

"जेवले."

सही केली तर चोर. नाही केली तर घरी. मेसमधल्या अक्का दारात ताट ठेवून जायच्या. तसंच परत न्यायच्या.

रविवारी ते प्रिंट वाचले. ओळ न् ओळ. मी घडवलेल्या भाषेत चुकीचं नाव टाकलं की संदेश येतो. अक्षरं इंग्रजी, बोली आमच्या घरची: 'असलं नाव ठावं न्हाई.' तो मुलगा दिल्लीचा. त्याच्या प्रिंटमध्येही तेच. 'न्हाई'सकट.

त्याचा अर्थ कळणारे दोघंच होते. मी आणि सर.

तोवर मला वाटत होतं, सरांचा गैरसमज झालाय. गैरसमज नव्हता. त्यांना ठाऊक होतं.

सोमवारी गेले. कबुलीवर उभी-आडवी काट मारली. खाली लिहिलं, 'काम माझं आहे. मला आणि त्या मुलाला, दोघांनाही समितीपुढे बसवा.' मग त्याच्या प्रिंटमधल्या 'न्हाई'च्या ओळीवर बोट ठेवलं.

"याचा अर्थ त्याला विचारा, सर."

ते कागदाकडे बघतच म्हणाले, "यात तुझंच नुकसान आहे."

"होऊ दे."

झालंय. निकाल रोखलाय. समितीची तारीख लागत नाही. लॅबमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मी रोज जाते. मला काढायचं असेल तर लेखी कारण द्यावं लागेल. मी आपणहून जाणार नाही.