वानरी काय म्हणते

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीत चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होतो आणि सांगवीत मावशीकडे राहत होतो. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका साखर कारखान्यात पाळीवर जायचे. घरात तिसरं होतं ते वानराचं पिल्लू.

मी राहायला जायच्या आधी गावात एक वानरी विजेच्या डीपीच्या तारेला चिकटून मेली होती. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू वाचलं. लोक मेलेल्या वानरीला हळदकुंकू वाहून पुरत होते, तेवढ्यात मावशीनं पिल्लू पदराखाली घेतलं आणि घरी आणलं. बाटलीनं शेळीचं दूध पाजलं. मी आलो तेव्हा ते चांगलं वाढलं होतं. पिल्लू मादी होतं, म्हणून मावशीनं त्याला फ्रॉक शिवला होता आणि शेपटीसाठी मागे भोक ठेवलं होतं. सुरुवातीला मलाही गंमत वाटली.

त्या हिवाळ्यात गावच्या बालवाडीची भिंत रंगवायचं काम मला मिळालं. मी शर्ट घातलेलं अस्वल काढलं, दप्तर घेतलेला ससा काढला, चष्मा लावून पेपर वाचणारा कोल्हा काढला. बालवाडीच्या बाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे दोन पायांवर उभं, अंगात शर्ट. मग ह्याला अस्वल कशावरनं म्हणायचं?"

तेव्हा मला असलं बोलायला फार आवडायचं. मी ब्रश हातात धरूनच सांगितलं, की नुसते कान, शेपूट आणि अंगभर केस असले तर तो साधा प्राणी. माणसानं केसाळ मुखवटा चढवला तर ते नुसतं सोंग. हे या दोन्हींच्या मधलं. अंग प्राण्याचं, पण आत विचार करणारं कुणीतरी माणसासारखं. लाज, राग, हेवा, सगळं माणसाचं.

मावशी माझा डबा घेऊन आली होती. कडेवर वानरी होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे कपड्यानं काय व्हत न्हाय. आत माणूस पायजे."

"हो, तसंच."

तिनं वानरीच्या काळ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "हिच्यात हाय," ती म्हणाली.

त्यानंतर मावशी वानरीच्या वतीनं बोलायला लागली. तिला भूक लागलीय, तिला ऊन लागतंय, इथवर ठीक होतं. जनावर पाळणारं कुणीही तसं बोलतं. मग एकदा जेवताना ती काकांना म्हणाली, "ती म्हणती, तुमी पाळी सुटल्यावर सरळ घरी येत न्हाय." काका हसले. मावशी हसली नाही. मी गाणं गुणगुणत होतो तर मला म्हणाली, "गप. तिला तुझा आवाज आवडत न्हाय."

मी वानरीकडे बघायचो. भिवईची रेघ जराशी वर उचलली की चित्रातलं अस्वल चकित होतं, खाली ओढली की चिडतं, हे मला हातानं माहीत होतं. या तोंडावर तसलं काहीच हलत नव्हतं. तपकिरी डोळे आणि त्यात दाराचा उजेड, एवढंच.

एके दिवशी वानरांची टोळी पत्र्यावर उतरली. आमची वानरी फ्रॉक घालूनच वर चढली. टोळी एकदम गप्प झाली. एक म्हातारी वानरी पुढं आली, तिनं फ्रॉकचं टोक चाचपलं आणि दात विचकले. आमची धडपडत खाली आली आणि मावशीच्या मांडीत शिरून थरथरत राहिली. मावशी तिला थोपटत समाधानानं म्हणाली, "बघ, त्यांनीबी वळखलं."

शेजारी मावशीचे धाकटे दीर राहायचे, मधे अंगण एकच. त्यांना मुलगी झाली. बारशाहून आल्यावर मावशी म्हणाली, "ती म्हणती, ते पोर हितं आणायचं न्हाय."

काका ताट सरकवून उठले. "ती काय म्हणत न्हाय. वानर हाय ते."

मावशी वानरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मुलगी चार-पाच महिन्यांची असताना धाकटी जाऊ तिला कडेवर घेऊन दुपारी विरजण मागायला आली. मावशी ओट्यावर बसली होती, वानरी शेजारी. मी दारात कुंचले धूत होतो.

"वर येऊ नगं," मावशी म्हणाली. "तिला चालत न्हाय."

"वानराला काय कळतंय अक्का!" असं म्हणत जावेनं पायरीवर पाय ठेवला.

मावशीचा हात वानरीच्या पाठीवर होता. तो तिनं उचलला. बाकी काही केलं नाही. वानरीनं झेप घेतली. मी तिचा फ्रॉक धरला, तो फाटून माझ्या मुठीत राहिला. तोवर तिनं दातांनी बाळाचा दंड फोडला होता.

बाळाला जीपमधून बारामतीला नेलं. टाके पडले, इंजेक्शनं झाली, जीव वाचला. वानरी लिंबावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं पिंजऱ्यातून तिला घेऊन गेली. गाव म्हणालं, वानराचा काय भरवसा. काकांनी मात्र मला परसात नेऊन विचारलं, आणि मी हाताचं जे पाहिलं ते सांगितलं.

"नक्की?"

"हो."

त्यांनी दोन दिवसांत मावशीला तिच्या भावाकडे इंदापूरला पोचवलं.

काही आठवड्यांनी मी तिला भेटायला गेलो. ती बांधावर बसून डाळिंबं निवडत होती. बराच वेळ आम्ही पावसापाण्याचं बोललो. मग मी काही न विचारता तीच म्हणाली, "ती काय म्हणत नव्हती रं. मीच म्हणत व्हते. मला ते पोर बघवत नव्हतं."

"आणि हात?"

"ते म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "खरंच म्हाईत न्हाय. मीबी तेच इचारती मला." एक डाळिंब तिनं तसंच हातात धरलं होतं.

पावसाळ्यानंतर काकांनी तिला परत आणलं. दिरानं तोवर अंगणाच्या मधून पत्रे मारून घेतले होते. पुढं ती मुलगी चालायला लागली. तिचे वाळे पत्र्याच्या पलीकडून वाजायचे. मावशी हातातलं काम थांबवून ऐकत राहायची, आणि काका घरात असले तर उठून दाराला कडी घालायचे.