सासऱ्याच्या तोंडी लागलेला डबा

सेलूचा नत्थूजी रेडिओ दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाईक गेलं की दार लावून कॉम्प्युटरकडून गाणी म्हणवून घ्यायचा. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कॉम्प्युटर मावसभावानं दुबईहून आणलेला. नत्थूजीनं एकट्यानं त्यात एकेक आवाज जुळवला. ढोलकीच्या जागी टिकटिक, पेटीच्या जागी घूं घूं, आणि गळा असा, की सर्दी झालेल्यानं मडक्यात तोंड घालून गावं. ऐकायला कोणी थांबत नसे. बायको नलू तेवढी थांबायची. तिला ते खरंच आवडायचं, आता आवडीला काय म्हणावं!

पण जावई बंद खोलीत डब्याशी बोलतो, ही बातमी तिच्या बापापर्यंत गेली. वासुदेवराव म्हणजे शेजारच्या गावचे झडत्यांचे राजे. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की झडत्या, म्हणजे टोमण्यांची यमकं, म्हणावी त्यांनीच. त्यांच्या तोडीचा डोमाजी वारल्यापासून उलट झडती टाकणारा गावात उरला नव्हता. नागपंचमीला आलेली नलू त्यांनी ठेवूनच घेतली. येड्याच्या घरी लेक धाडत नाई, असा निरोप आला.

सासऱ्यापुढं नत्थूजीची जीभ उचलत नसे. म्हणून पोळ्याला त्यानं सासऱ्याच्या गावी डबाच नेला आणि तोरणाजवळच्या भोंग्याला जोडला. भोंगा टिकटिकला, मग नाकातून बोलला:

"पऱ्हाटीले आलं बोंड, सासऱ्याचं फुगलं तोंड, लेक ठेवली घरात, जावई फिरे दारात."

लोकांनी वासुदेवरावांकडं पाहिलं. पण तोरणाखाली रागावला तो हरला, हा गावचा नेम. वासुदेवरावांनी मिशीवर हात फिरवला.

"डबा घेऊन आला जावई, याले बायको काऊन हवी?"

लोक हसले. नत्थूजीला वाटलं, निभलं. तेवढ्यात डब्यानं तीच झडती पुन्हा टाकली. थांब म्हणून सांगायचं नत्थूजी प्रोग्राममध्ये विसरला होता! तो घाबरून बटणं दाबत राहिला, डबा ऐकेना. वासुदेवराव दर वेळी नवी झडती जुळवत, डबा तीच परत तोंडावर मारी. शेवटी म्हाताऱ्याचा घसा बसला, तेव्हा नत्थूजीनं वायरच उपटली आणि मान खाली घालून उभा राहिला.

वासुदेवराव पाणी पिऊन हसत सुटले. "जावईबापू, नलूले घेऊन जा. पण डबा इथंच राहू द्या. डोमाजी गेल्यापासून असा हट्टी गडी भेटला नाई."

नत्थूजी हो म्हणणारच होता. नलू मधे पडली. "डबा राह्यला तर मीबी राह्यते, बाबा. भांडाचं असन तर तुम्हीच येजा सेलूले."

बसमध्ये डबा नलूनं स्वतःच्या मांडीवर घेतला. सकाळपासून नत्थूजीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. सासूनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या त्यानं सेलू यायच्या आत संपवल्या.