चार हजार कुठे गेले

चौदा वर्षं ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही. या आठवड्यात पहिल्यांदा निघाली. आणि एकदा निघाली म्हटल्यावर आता तुम्हालाही सांगून टाकतो. तुम्ही ओळखीचे नाही, हे एका परीनं बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर मी काहीतरी सारवासारव केली असती — तेवढं मी स्वतःला ओळखतो.

आधी प्रमिलाबद्दल सांगतो. प्रमिला माझी बायको. तिच्याबद्दल चांगलं बोलणं सोपं जातं, आणि अवघड गोष्ट तेवढी लांबते.

अमरावतीत आमच्या कॉलनीत प्रमिलाची पाकिटं प्रसिद्ध आहेत. लग्नपत्रिका येतात ना, त्यांची पाकिटं ती फेकत नाही. दर एक तारखेला ती पाकिटं मांडून बसते आणि महिन्याचे पैसे त्यांत वाटते. एकावर दूध, एकावर किराणा, एकावर दवाखाना, एकावर भीमजयंतीचे कपडे. वर सोनेरी अक्षरांत कुणाचा तरी मंगल परिणय छापलेला, आणि खाली तिच्या हातानं लिहिलेलं ‘गॅस सिलिंडर’. मी खूप चेष्टा केली त्याची. एका जोडप्याचा घटस्फोट झाला, तरी त्यांच्या पाकिटात आमच्या विजेच्या बिलाचे पैसे सुखानं नांदत होते.

पण हसणारा मीच, आणि त्या पाकिटांवर जगलेलाही मीच. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली रक्कम तिनं दवाखान्याच्या पाकिटातून आणि त्याच नावाच्या पासबुकातून काढून दिली. कुणापुढे हात पसरावा लागला नाही. मुलीचं फार्मसीचं शिक्षण झालं, मागची खोली पक्की झाली. मी मागच्या वर्षी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा माझ्या डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. आमच्या ऑफिसात अशी माणसं किती असतील? मला तरी दोन-तीनच आठवतात. मी तिचा ऋणी आहे — हे मी मनापासून म्हणतो, आणि पुढचं वाचल्यावरही ते खरं धरा.

मागच्या महिन्यात महिला बचत गटानं तिला विहाराच्या हॉलमध्ये बोलायला बोलावलं. विषय — घरखर्चाचा मेळ कसा घालावा. रविवारची दुपार होती, मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तिनं पाकिटं दाखवली, वही दाखवली. भाजी उठत्या बाजारात का घ्यायची, सणाचे पैसे वर्षभर थोडे थोडे का काढायचे, सगळं सांगितलं. आणि मग म्हणाली,

“मी पयले लय उधळी होती. एका महिन्यात चार हजार कुठं गेले, ते मले सांगता नाही आले. आमच्या यायनं तवा माहे डोळे उघडले नसते, त आज हे काहीच झालं नसतं.”

बायका मागे वळून माझ्याकडे पाहू लागल्या. टाळ्या झाल्या. मी काय केलं असेल? मी हात जोडले.

आता सांगतो, ते चार हजार कुठे गेले होते.

सरकारी नोकरीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांची एक पतसंस्था असते, कर्ज घ्यायला दोन जामीनदार लागतात, आणि आपण एकमेकांचे जामीन होतो. तू माझा, मी तुझा. कागद कोणी वाचत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर दिगंबर नावाचा सोबती होता. प्रमिला त्याला दोनदाच भेटली असेल, पण तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं की या माणसासाठी सही करू नका. मी ऑफिसात गेलो, जेवणाच्या सुट्टीत दिगंबरनं गिला वडा खिलवला, आणि मी सही केली. बायकोचं ऐकून सही नाकारली असं कोणी म्हणू नये, एवढंच माझं शहाणपण.

दिगंबर वर्षभरानं बिनपगारी रजेवर गेला आणि परत आलाच नाही. पतसंस्थेनं माझ्या पगारातून महिन्याला चार हजार कापायला सुरुवात केली. तीन वर्षं कापले.

आमच्या घरी तेव्हा एक पद्धत होती. पगार झाला की मी सगळी रक्कम काढून आणायचो, पाकीट बुद्धाच्या मूर्तीसमोर ठेवायचो, आणि प्रमिला ते तसंच उचलून कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. मोजायची नाही. घरी आलेला पगार मोजून घ्यायचा नाही, असं तिला माहेरी शिकवलेलं. किल्ली तिच्याकडे. लागतील तसे काढायचे, हिशेब कोणी लिहायचं नाही. बावीस हजार असायचे, आणि महिना कसाबसा पण निघायचा.

कपात सुरू झाली त्या महिन्यात मी मूर्तीसमोर अठरा हजार ठेवले, आणि काही बोललो नाही.

वीस-बावीस तारखेला डबा रिकामा झाला. ती घाबरून माझ्याकडे आली. पैसे कमी कसे पडले, एवढंच विचारलं तिनं. माझ्यावर संशय नव्हता — संशय असता तर कदाचित मी कबूल केलं असतं. मला त्या क्षणी सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. दोन वाक्यं होती. ती चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्या कपातीशी झगडलो असतो. पण ‘मी सांगितलं होतं’ हे तिचं वाक्य मला ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी म्हणालो —

“किल्ली तुह्याजवळ राहाते, मले काय विचारतं? तुहा बाप आला का तुह्या हाताले धरबंद राहात नाही.”

मला आवाज चढवावाही लागला नाही. शांतपणे बोललो, म्हणून ते तिला जास्त खरं वाटलं असावं.

तिचे वडील अकोल्याला राहायचे. अजूनही तिथंच, तिच्या भावाकडे राहतात. आम्ही दोघंही त्यांना बाबाच म्हणतो. धान्य बाजारात मापाडी होते, पोती तोलण्यात आयुष्य गेलं. दर महिन्याला एसटीनं येऊन दोन दिवस राहायचे. आले की प्रमिला मटण आणायची, जाताना तिकिटाचे पैसे हातात कोंबायची, एखादं औषध घेऊन द्यायची. ते यायचे तेव्हा ती घरात वेगळीच असायची, मोठ्यानं हसायची.

माझ्या त्या बोलण्यानंतर ती तीन दिवस आठवून आठवून खर्च कागदावर मांडत बसली. अठरा हजारांचा मेळ बसला. बावीस समजून बसलेली ती चार हजार शोधत राहिली. मला म्हणाली, मला आठवतच नाही हो. मी समोर बसून पेपर वाचत होतो.

पुढच्या महिन्यात ती मोजून घेणार, हे मला कळलं होतं. म्हणून मी आधीच सांगून टाकलं की तुझ्या हातात पैसा टिकत नाही, तेव्हा मी भविष्य निर्वाह निधीची कपात चार हजारांनी वाढवली आहे, आता अठराच येतील. तिनं मान डोलवली. बरं केलं म्हणाली. बरं केलं! तिथून वही सुरू झाली, पाकिटं सुरू झाली. त्या वहीला आज कॉलनी नमस्कार करते, ती माझ्या खोटेपणातून निघाली आहे. तीन वर्षांनी दिगंबरचं कर्ज फिटलं तेव्हा मी ते चार हजार खरोखरच निधीत टाकू लागलो. त्यानं आधीचं काही फिटत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

वहीच्या पहिल्या पानावर खर्चांच्या यादीत शेवटी तिनं ‘बाबा’ लिहिलं होतं. दुसऱ्या महिन्यात ती ओळ खोडली. बाबांना फोन करून तिनं स्वतःच सांगितलं की दर महिन्याला येऊ नका, दोन-तीन महिन्यांनी या. काय कारण सांगावं, हे तिला सुचलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

आता लिपिक म्हणून एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. बाबा यायचे तेव्हा अकोल्याच्या डाळ मिलमधून पाच किलो तुरीची डाळ घेऊन यायचे. ओळखीच्या भावात घ्यायचे, आणि आमच्याकडून पैसा घ्यायचे नाहीत. त्यांचं येणं कमी झालं तसा वहीत नवा खर्च आला — तूर डाळ, पाच किलो. मटण, तिकीट, औषध या सगळ्यांची बेरीज जवळपास त्या डाळीएवढीच होती. म्हणजे बाबांच्या येण्यानं आमचं काही जातच नव्हतं. मी हे दोन ओळींत तिला दाखवू शकलो असतो. पण वही उघडली की पुढचे प्रश्न आले असते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण अजून एक आहे, आणि लिहिताना मला तिथंच थांबायला होतं.

सहा महिन्यांनी बाबा जयंतीला आले होते. परतताना मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं, धोतराच्या कनवटीला हात घातला, आणि म्हणाले, “जवाईबापू, प्रमिलाले काही अडचण हाय काय? माह्याजवळ थोडे हायेत. तिले सांगू नका.”

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, नाही बाबा, अडचण काही नाही — तिचा स्वभावच तसा होऊन राहिला आता.

त्यांनी कनवटीचा हात काढून घेतला आणि गाडीत जाऊन बसले. खिडकीतून मला हात केला. त्यानंतर ते वर्षातून दोनदाच येत राहिले, दर वेळी डाळ आणत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच निघू लागले. मग गुडघे गेले तसं तेही बंद झालं. प्रमिला कधीतरी म्हणायची, बाबांचं मन आता आपल्या घरात लागत नाही.

दोन माणसांना मी असं दूर ठेवलं, आणि दोघंही मला भला माणूस समजत राहिली. ती माझे आभार मानत राहिली. विहारातल्या त्या टाळ्यांनंतर मात्र मला जेवण जाईना. गेल्या सोमवारी एकटाच अकोल्याला गेलो. बायकोला आधी सांगायची हिंमत नव्हती म्हणून ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्याकडे गेलो — यातही माझा भित्रेपणाच पाहा.

बाबा पलंगावर पाय पसरून बसले होते. मी सगळं सांगितलं — सही, डबा, बसस्टँड. मध्ये कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं. ते रागावतील, चालते व्हा म्हणतील, याची तयारी करून गेलो होतो. पण त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की तो पाहणं मला त्यांच्या रागापेक्षा जड गेलं.

“म्हंजे,” ते म्हणाले, “मी पोरीले जड झालो नव्हतो.”

चौदा वर्षं तो माणूस हे मनात धरून बसला होता. मला शिव्या देण्याइतकंही माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सुनेला हाक मारून त्यांनी दोन धोतरं पिशवीत भरायला सांगितली आणि मला म्हणाले, चला. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाले, ते मी पाहतो.

अमरावतीला पोचलो तेव्हा प्रमिला दारातच होती. बाबांना पाहून ती पुढे आली आणि त्यांची पिशवी तिनं हातात घेतली. मी तिथंच, उभ्या उभ्या, दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. शेवटी तिनं एकच विचारलं — बसस्टँडवर बाबा काय देत होते, किती होते. मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, बाराशे. मग ती आत गेली, आणि चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली.

आज चौथा दिवस आहे. ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, गोळ्या काढून ठेवते, बोलत नाही. मी काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पण मी कृतज्ञ आहे. बाबा अजून हयात आहेत आणि मला सांगायला वेळ मिळाला, हे मी कमावलेलं नाही. आणि त्या अठरा हजारांत तिनं जे घर उभं केलं, तेही माझं नाही. मी त्यात फक्त राहिलो.

बाहेर ओसरीवर बाबा खुर्ची टाकून बसले आहेत. ती समोर मेथी निवडते आहे, आणि दोघांचं बोलणं सकाळपासून चाललं आहे. मधूनच ती हसते, मोठ्यानं. मी आतल्या खोलीत आहे. मला कोणी बोलावलेलं नाही.